मीठ-साखरेचं पाणी, फरशीवरचे पेशंट आणि मेडिकल कॉलेजची तीन कामं

1971 चा जून संपत आलेला. बांगलादेशातून जीव मुठीत धरून आलेले लाखो निर्वासित सीमेजवळच्या छावण्यांमध्ये दाटीवाटीने राहतायत आणि त्यात कॉलरा शिरलाय. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या हॉस्पिटलात कॉलऱ्यासाठी जेमतेम दोन खोल्या, खाटा केव्हाच भरलेल्या, उरलेले पेशंट सरळ फरशीवर, आणि एखाद्याला सलाईन लावायचं तर डॉक्टरांना त्या जुलाब-उलट्यांमध्येच गुडघे टेकून बसावं लागत होतं. ते डॉक्टर म्हणजे दिलीप महालनाबिस, मुळात लहान मुलांचे डॉक्टर, आणि तेव्हा कोलकात्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचं जे मेडिकल रिसर्च आणि ट्रेनिंग सेंटर होतं तिथे संशोधन करत होते.

मीठ-साखरेच्या पाण्याची, म्हणजे ओआरएसची, ही गोष्ट मला परत परत सांगावीशी वाटते, कारण मेडिकल कॉलेजात रिसर्च वेगळा, पीजीचं (एमबीबीएसनंतरचं) शिक्षण वेगळं आणि कम्युनिटी हेल्थ म्हणजे वर्षातून दोन-चार कॅम्प अशी जी वाटणी आपल्या डोक्यात असते ती किती चुकीची आहे हे इथे अगदी स्वच्छ दिसतं.

आधी आजार समजून घेऊ. कॉलऱ्याचा जंतू आतड्याला जखमा करत नाही, तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी मीठ आणि पाणी नुसतं बाहेर ओतत सुटतात. जोराचा कॉलरा झालेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, म्हणजे सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेलेला, कातडीला चिमटा काढला तर ती तशीच उभी राहतेय अशा अवस्थेत. पाणी पाजून उपयोग नाही, आतडं बिघडलंय, ते शोषणारच नाही, असंच बरीच वर्षं समजलं जायचं, म्हणून उपाय एकच, शिरेतून सलाईन.

पण 1960 च्या सुमारास रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज, म्हणजे एक साखरच, एकटं शिरत नाही, ते मिठातल्या सोडियमचा हात धरून आत जातं. आता आपल्याला माहितीये की पेशीच्या भिंतीवर एक प्रोटीन असतं, ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. आणि कॉलऱ्याचं विष या दाराला हातच लावत नाही! एकीकडून पाणी धो धो बाहेर जात असतानाही हा दरवाजा उघडाच असतो. नुसतं पाणी पाजलं तर उपयोग नाही, नुसतं मीठ घातलं तरी नाही, मीठ आणि साखर दोन्ही एकत्र हवं, आणि तेही मापात. मापाला फार महत्त्व आहे, मनिलामध्ये 1962 साली जास्त तीव्र द्रावण दिल्यावर काही पेशंट दगावले होते आणि त्यामुळे सगळेच डॉक्टर बिचकले होते.

मग 1968 मध्ये ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबमध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी, दोघांनीही तिशी गाठलेली नव्हती, एक साधी गोष्ट केली. पेशंटच्या अंगातून किती पाणी जातंय ते मोजायचं आणि तेवढंच तोंडाने परत द्यायचं. सलाईनची गरज 80 टक्क्यांच्या आसपास कमी झाली. मोजमाप म्हणजे काय तर कॉलऱ्याच्या खाटेला मध्यभागी भोक असतं, खाली बादली, आणि रात्र रात्र जागून त्या बादलीतलं पाणी मोजत बसायचं. वैद्यकीय ट्रेनिंग म्हणतात ते हेच असं मला मनापासून वाटतं.

तरीही लोकांचं म्हणणं होतं की हे वॉर्डात, ट्रेन्ड स्टाफच्या नजरेखाली ठीक आहे, बाहेर कोण करणार. आता परत बनगावला येऊ. सलाईनचा साठा संपत आला, शीर शोधून सुई लावणारी माणसं पुरेनात. महालनाबिस यांच्या टीमने कोलकात्याच्या सेंटरमधल्या लायब्ररीच्या खोलीतच पुड्या भरायला घेतल्या, एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खायचा सोडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गरम इस्त्रीने तोंड सील करायचं. कॅम्पात ते ड्रममध्ये कालवायचं, खाली नळ, आणि पेशंटचे नातेवाईक, आई, बहीण, जो कोणी जिवंत सोबत असेल तो, कपाने पाजत राहायचा. आधी कॉलऱ्याच्या पेशंटमधले 30 टक्क्यांच्या आसपास दगावत होते, हे सुरू झाल्यावर तो आकडा 3.6 टक्क्यांवर आला.

एवढं होऊनही हे लगेच सगळ्यांनी उचललं असं नाही, सुई नाही, बाटली नाही, मग ही कसली ट्रीटमेंट, असं डॉक्टरांनाही वाटायचं आणि घरच्यांनाही.

आणि पुढचं काम तर कॉलेजच्या, लॅबच्या अजूनच बाहेर झालं. 1980 ते 1990 या दहा वर्षांत बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघरी गेल्या, 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरं, आणि प्रत्येक घरात आईला समोर बसवून तिच्याच हाताने द्रावण करून घेतलं. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. नुसतं सांगून निघून यायचं नाही. आयांनी केलेल्या द्रावणाचे नमुने लॅबमध्ये तपासले जायचे, मीठ किती पडलंय ते बघायला, आणि काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला किती आठवतंय ते विचारायचा, त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. तुम्ही किती घरं केली यावर नाही, समोरच्याला किती कळलं यावर!

तरी एक अडचण आलीच. आयांना पाठ होतं पण जुलाब लागले की घरात ते वापरलं जात नव्हतं. मग चौकशी केल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांपैकीच काहींचा त्यावर विश्वास नाहीये, आणि घरातल्या पुरुषांशी तर कोणी बोललंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना ढाक्याला नेऊन हे पाणी पोटात काय करतं ते नीट समजावलं, पुरुषांशी बाजारात, मशिदीत जाऊन बोलणं सुरू केलं, आणि वापर वाढत गेला. बघा, हा पण रिसर्चच आहे, फक्त इथे टेस्ट ट्यूबच्या जागी माणसाचा विश्वास आहे. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करणाऱ्याला नेमकं हेच शिकायचं असतं. ब्रॅकने 2004 मध्ये स्वतःच्या युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थचं स्कूल काढलं आणि 1968 च्या त्या प्रयोगातले रिचर्ड कॅश तिथे शिकवायला जायचे.

फॉर्म्युलाही तिथेच थांबला नाही. पुढच्या ट्रायल्समध्ये दिसलं की द्रावण थोडं कमी तीव्र केलं तर मुलांच्या उलट्या कमी होतात, सलाईनची वेळही कमी येते, म्हणून 2002 पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवीन प्रमाण दिलं, लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ, जोडीला पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. आज या प्रमाणाच्या ओआरएसच्या पुडीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात हेच आकडे छापलेले असतात. पुढच्या वेळी पुडी फाडायच्या आधी ते एकदा वाचा, आणि पाणी पुडीवर लिहिलंय तेवढंच घ्या, कमीही नको आणि जास्तही नको.