गवताच्या चरीत डास होतात, हे खरं नाही

रस्त्याकडेला काँक्रीटच्या गटाराऐवजी गवत लावलेली उथळ चर काढायची म्हटलं, की कुणीतरी म्हणणारच, "पाणी साचंल, डास हुतील." अंड्यातून उडता डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, आणि तेही साचलेल्या पाण्यात. नीट काढलेली चर पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत कोरडी होते. कोल्हापुरात आषाढात झड लागते हे मान्य, पण तेव्हा चरीतलं पाणी वाहतं असतं. वाहत्या पाण्यात अळी टिकत नाही. प्लास्टिकनं तुंबलेल्या गटारात मात्र ती मजेत वाढते!

मेख आहे ती "नीट काढलेली" यात. दर १०० फुटांना एक ते पाच फूट उतार, तळ रुंद, कडा तिरक्या. काळी माती पाणी लवकर जिरवत नाही. तिथं खाली वाळू-खडीचा थर आणि भोकं पाडलेला पाइप घालावा लागतो. तेवढा खर्च वाचवला की डबकं होतं आणि बोल गवताला लागतो.

हरळीच्या दाट पात्यांत पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, त्याला चिकटलेलं गाड्यांचं तेल आणि धातूचे कणही. एरवी हे सगळं जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. मैलापाणी मात्र चरीत सोडायचं नाही. जंतू आणि विरघळलेलं नत्र ती फारसं अडवत नाही. २०१९चा महापूरही तिनं अडला नसता, तो नदीचा होता. गवत चार इंचांखाली कापू नये आणि साठलेला गाळ पावसाळ्याआधी काढावा.