पार्श्वभूमी : ‘स्टॅकवर ठेवा’, पण कोणत्या?

स्टॅक म्हणजे शेवटी ठेवलेले आधी उचलायचे अशी चळत. फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेने सुरुवातीपासून दोन स्टॅक वेगळे ठेवले : एक आकड्यांचा, दुसरा परतीच्या पत्त्यांचा, म्हणजे फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे त्याचा. १९८२च्या ‘ज्युपिटर एस’ या घरगुती संगणकात बेसिकऐवजी फोर्थच होती आणि १९८६चा ‘स्टारफ्लाइट’ हा गेमही मुख्यतः तिच्यातच लिहिलेला. परतीच्या स्टॅकवर तात्पुरता ठेवलेला आकडा उचलायचा राहिला, की फंक्शन संपताना तोच पत्ता समजला जातो आणि गेम कोसळतो.

खरा गुंता पोस्टस्क्रिप्ट या छपाईचे पान आखणाऱ्या भाषेने केला. १९८५पासून लेझर प्रिंटरमधून ती डीटीपीच्या टेबलापर्यंत आली, तेव्हा स्टॅक चार झाले होते. लेव्हल १ या पहिल्या आवृत्तीत त्यांच्या मर्यादा साधारण अशा : आकड्यांसाठी ५००, डिक्शनरींसाठी (नावे आणि त्यांचे अर्थ) २०, एक्झिक्यूशनसाठी (चालू असलेले काम) २५०, ग्राफिक्स स्टेटसाठी (रेखाटनाची चालू स्थिती) ३१. स्थिती जपणारी ‘जीसेव्ह’ ही कमांड फक्त शेवटच्यावर चालते; ‘जीरीस्टोर’ ती स्थिती परत आणते. रंग, रेषेची जाडी, अक्ष आणि चालू पाथ (आखलेला, पण अजून न उमटवलेला आकार) जपला जातो. आकड्यांना हातही लागत नाही. ३१ची मर्यादा ओलांडली तर एररही ‘स्टॅकओव्हरफ्लो’ नव्हे, ‘लिमिटचेक’ येते! ‘सेव्ह’ ही कमांड आणखी निराळी, ती मेमरी जपते. त्यानंतर बनवलेली एखादी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) स्टॅकवर राहिली, तर मेमरी पूर्ववत करणाऱ्या ‘रीस्टोर’ला ‘इनव्हॅलिडरीस्टोर’ ही एरर मिळते.

पाथ जपला जातो, हे महत्त्वाचे. आकारात रंग भरणारी ‘फिल’ पाथ पुसून टाकते, म्हणून चौकोन भरून त्याला कडही हवी असेल तर क्रम असा : पाथ, जीसेव्ह, फिल, जीरीस्टोर आणि कड काढणारी स्ट्रोक. मधली जोडी गाळली तर कड उमटत नाही, आणि एररही नाही.

१९९३च्या पीडीएफने आकडे आधी, कमांड नंतर हा क्रम ठेवला. लूप आणि अटी काढल्या. कोणतेही पान थेट उघडण्यासाठी ते योग्यच होते. पण स्थिती जपून परत आणणाऱ्या तिथल्या ‘क्यू’च्या जोडीतून पाथ वगळला गेला, त्यामुळे भरणे आणि कड एकदम करणारी ‘बी’ कमांड लागते. वेबपानावर चित्र काढणाऱ्या ब्राउझरच्या कॅनव्हासनेही ‘सेव्ह’ हे नाव घेतले, पाथ नाही घेतला; शिवाय तिथली ‘फिल’ पाथ पुसतही नाही. नवा पाथ सुरू करणारी ‘बिगिनपाथ’ विसरली, की जुना पाथ वाढत जातो; गेम फ्रेमगणिक मंदावतो तो यामुळेच.

२०२१च्या यूएक्सएन या छोट्या आभासी संगणकात पुन्हा दोनच स्टॅक आहेत, प्रत्येकी २५६ बाइटचे आणि वर्तुळाकार. रिकाम्या स्टॅकवरून एक बाइट जास्त उचलला तरी एरर नाही. दुसऱ्या टोकाचा शिळा बाइट हाती लागतो आणि ८ × ८ पिक्सेलचा स्प्राइट (छोटे चित्र) भलत्याच जागी उमटतो.