गवताळ परिसंस्थेचे बालशिक्षण

गवत हा प्रमुख उत्पादक असलेल्या परिसंस्थेची रचना, तिच्यातील सजीवांचे परस्परसंबंध आणि तिच्यावर हवामान, आग व चराई यांचे होणारे परिणाम मुलांना निरीक्षण, मोजणी आणि चर्चा यांद्वारे समजावून देण्याची पद्धती. सामान्यतः ६ ते १४ वर्षे हा वयोगट त्यासाठी गृहीत धरला जातो. निसर्ग अभ्यास आणि पर्यावरण शिक्षण या दोन्ही परंपरांत या विषयाला स्थान असले, तरी जंगल व समुद्र यांच्या तुलनेत पाठ्यपुस्तकांत त्याला बरीच कमी जागा मिळते. क्षेत्राचा विचार करता हे प्रमाण व्यस्त आहे. झुडपी प्रदेश, सव्हाना व टंड्रा यांचाही समावेश करणाऱ्या व्यापक व्याख्येनुसार वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २००० साली गवताळ प्रदेशांचे क्षेत्र सु. ५.२५ कोटी चौ. किमी., म्हणजे ग्रीनलंड व अंटार्क्टिका वगळता जगाच्या भूभागाच्या सु. ४० टक्के इतके मांडले होते. संकुचित व्याख्या स्वीकारल्यास हा आकडा निम्म्यावर येतो. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी, यूरेशियातील स्टेप, दक्षिण अमेरिकेतील पँपास, आफ्रिकेतील सव्हाना आणि दख्खनच्या पठारावरील माळराने ही नेहमी दिली जाणारी उदाहरणे होत.

अध्यापनातील पहिली अडचण गवताळ प्रदेशांच्या उत्पत्तीविषयीच्या मतभेदांतून आलेली आहे. अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार प्रत्येक हवामानात वनस्पतिसमूह क्रमाक्रमाने एका स्थिर, अंतिम अवस्थेकडे जातो. क्लेमेंट्स यांनी स्वतः प्रेअरी ही अशीच एक अंतिम अवस्था मानली होती. परंतु पुढे ही उपपत्ती ढोबळपणे शिकवली गेली तेव्हा पुरेसा पाऊस असलेल्या प्रदेशातील गवताळ भाग हा जंगल होता होता अडलेला किंवा जंगल तोडून उरलेला भाग असावा, असा समज रूढ झाला. ब्रिटिश परिस्थितिवैज्ञानिक आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ ही संकल्पना मांडली तीच मुळी क्लेमेंट्सप्रणीत विचारसरणीवर टीका करणाऱ्या लेखात. गवताळ प्रदेश कोरड्या हवामानामुळे टिकतात की वारंवार लागणाऱ्या आगींमुळे, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यावर विशेष रंगला. आज बहुतेक अभ्यासक हवामान, आग आणि चराई यांचा एकत्रित परिणाम मानतात. त्यांच्यातील प्रमाण प्रदेशागणिक वेगळे असते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शेकडो ते हजारो वर्षे टिकून राहिलेल्या अशा प्रदेशांना पुराण वनांप्रमाणेच ‘पुराण तृणभूमी’ मानावे, अशी मांडणी २०१५ पासून काही परिस्थितिवैज्ञानिकांनी केली आहे. मोकळा माळ म्हणजे झाडे लावण्यासाठी पडून असलेली जागा, असे मुलांना अभावितपणे शिकवले जाते. त्यावर हा मुद्दा थेट लागू पडतो.

गवत ही वनस्पती आणि गवताळ प्रदेश ही परिसंस्था यांच्या उगमाचा काळ एकच मानण्याची चूकही पुष्कळदा होते. गवते डायनोसॉरांच्या अस्तानंतर अवतरली असे पूर्वी मानले जाई. तथापि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लॅमेटा शैलसमूहात सापडलेल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, तेव्हा गवतांचा काळ क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कल्पाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे किमान सु. ६.५ कोटी वर्षे मागे गेला. गवताने व्यापलेली विस्तीर्ण मैदाने मात्र बरीच अलीकडची आहेत. उष्ण प्रदेशांत आज प्राबल्य असलेल्या, प्रखर ऊन व पाण्याची टंचाई यांना तोंड देऊ शकणाऱ्या गवतांचा मोठा प्रसार सु. ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाला असावा, असे प्राचीन मृदांतील आणि तृणभक्षकांच्या दातांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) दिसते. डायनोसॉरांचे नाव निघताच मुले कान टवकारतात. त्यामुळे हा भाग वर्गात सहज रुजतो.

क्षेत्रकार्याचे मुख्य साधन म्हणजे चौकट (क्वाड्रॅट) होय. ठरावीक आकाराचा चौरस जमिनीवर आखून त्यातील वनस्पती मोजण्याच्या या पद्धतीचे श्रेय साधारणपणे नेब्रास्कामध्ये काम करणारे रॉस्को पाउंड आणि क्लेमेंट्स यांना दिले जाते. (पाउंड पुढे विधिज्ञ म्हणून अधिक प्रसिद्ध झाले.) प्रेअरीतील वनस्पतींच्या विपुलतेविषयी नजरेने बांधलेले अंदाज प्रत्यक्ष मोजणीत टिकत नाहीत, असे त्यांना आढळले आणि १८९८ मध्ये त्यांनी मोजणीची ही रीत प्रसिद्ध केली. त्याआधी चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात तीन फूट बाय चार फूट हिरवळीच्या तुकड्यातील २० जातींपैकी ९ जाती, गवत न कापता वाढू दिल्यावर, नाहीशा झाल्याचे नमूद केले होते. त्यामुळे पद्धतीचा उगम डार्विन यांच्याकडे न्यावा असे म्हणता येईल. तरीही वेगवेगळ्या ठिकाणांची तुलना करण्यासाठी सारख्या मापाचे चौरस वापरण्याची कल्पना नेब्रास्कातीलच मानणे सयुक्तिक ठरते. बालशिक्षणाच्या दृष्टीने मात्र डार्विन यांचे उदाहरण अधिक उपयुक्त आहे. कारण तो प्रयोग कोणत्याही हिरवळीवर करता येतो. एक चौरस नियमित कापायचा, शेजारचा तसाच ठेवायचा आणि वर्षभर दोहोंतील जाती मोजायच्या. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८५६ पासून अखंड चालू असलेल्या पार्क ग्रास प्रयोगाशी याची जोड देता येते. तेथे खत न दिलेल्या वाफ्यांत अनेक जाती टिकून राहिल्या, तर नत्रयुक्त खत भरपूर दिलेल्या वाफ्यांत गवत माजले आणि जाती घटल्या.

लहान मुलांसाठी एक मीटरचा चौरसही मोठा पडतो. सुतळीचा अर्धा मीटर बाजूचा चौरस पुरतो. जातींची शास्त्रीय नावे येण्याची गरज नसते. पाने आणि फुलोरा पाहून ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा खुणा दिल्या तरी मोजणी बिघडत नाही. मात्र गवत आणि लव्हाळा यांतील फरक आरंभीच दाखवावा लागतो. बोटांच्या चिमटीत दांडा फिरवला असता लव्हाळ्याच्या तीन कडा स्पष्ट जाणवतात, तर गवताचा दांडा बहुधा गोल असून त्यावर पेरे असतात.

चराईनंतर गवत पुन्हा कसे वाढते, हे दाखवणारा प्रयोग सोपा असला तरी तो बऱ्याचदा चुकीच्या पानावर केला जातो. गवताच्या पानाची वाढ टोकाशी होत नसून बुंध्याशी, जुन्या पानांच्या आवरणात दडलेल्या विभाजी ऊतींमुळे (सतत विभागून नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशीसमूहांमुळे) होते. त्यासाठी पूर्ण न उलगडलेले, वाढते पान निवडून त्यावर न पुसणाऱ्या शाईने सारख्या अंतरावर आडव्या खुणा कराव्यात आणि टोक कात्रीने कापावे. काही दिवसांनी खुणांमधील अंतर तेवढेच राहते, कापलेले टोकही तसेच राहते. मात्र सर्व खुणा वर सरकलेल्या असतात आणि त्यांच्याखाली खूण नसलेला नवा भाग दिसतो. पूर्ण वाढलेल्या पानावर यातले काहीच दिसत नाही आणि प्रयोग फसला असे वाटते. जमिनीलगतचे हे वाढते भाग आगीतूनही बऱ्याच अंशी वाचतात. आगीविषयी याहून अधिक प्रात्यक्षिक शाळेत शक्य नाही व योग्यही नाही.

गवताळ परिसंस्थेतील वनस्पतींच्या जैववस्तुमानाचा (सजीव पदार्थाच्या एकूण वजनाचा) निम्म्याहून अधिक भाग बहुधा जमिनीखाली असतो. नेब्रास्का विद्यापीठातील जॉन वीव्हर यांनी खोल चर खणून प्रेअरीतील वनस्पतींची मुळे उघडी केली आणि त्यांच्या आकृत्या काढल्या. काही गवतांची मुळे दोन मीटरपेक्षा खोल गेलेली आढळली. शाळेत एखाद्या सर्वसाधारण जातीचा एकच ठोंब मातीसह काढून, पाण्यात धुऊन मुळांची लांबी मोजणे पुरेसे होते. मातीतील सूक्ष्म प्राण्यांसाठी अँतोन्यो बेर्लेझे यांनी १९०५ मध्ये तयार केलेले आणि पुढे अल्बर्ट टुलग्रेन यांनी दिव्याची जोड देऊन सुधारलेले नसराळे वापरतात. कापलेल्या बाटलीचा वरचा भाग उलटा ठेवून, त्यात जाळीवर मुळांसह माती घालून वर टेबलदिवा लावला, की उष्णता व कोरडेपणा टाळत माइट, स्प्रिंगटेल यांसारखे प्राणी खाली उतरतात. खाली ओला कागद ठेवल्यास ते जिवंत राहतात आणि पाहून झाल्यावर परत मातीत सोडता येतात.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा ही अन्नसाखळी जवळजवळ सर्वत्र शिकवली जाते आणि तिच्यामुळेच काही गैरसमज पक्के होतात. ग्रिफिथ्स आणि ग्रँट यांनी १९८५ मध्ये माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांची अन्नजाळ्याविषयीची समज तपासली, तेव्हा एका प्राण्याच्या संख्येतील बदलाचा परिणाम केवळ त्याच्या भक्ष्यावर किंवा भक्षकावरच होतो, तसेच साखळीत वर असलेला प्राणी खालच्या सर्वांनाच खातो, असे समज आढळून आले. यावर पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाचे उदाहरण प्रभावी ठरते. पाळीव गुरांमधील बुळकांडी रोग लसीकरणाने आटोक्यात आल्यावर १९६० च्या दशकात तेथील वाइल्डबीस्ट या कळपाने चरणाऱ्या मोठ्या तृणभक्षकांमधूनही तो नाहीसा झाला आणि त्यांची संख्या सु. अडीच लाखांवरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस १२ लाखांवर गेली. चराई वाढल्याने वाळलेले गवत कमी उरले, वणवे घटले आणि झाडांची रोपे जगू लागली. गुरांची लस आणि झाडांची वाढ यांना जोडणारा बाण कोणत्याही सरळ साखळीत काढता येत नाही. साधारणपणे दहा वर्षांपुढील मुले हा घटनाक्रम दोऱ्यांच्या जाळ्याने स्वतः मांडू शकतात. त्याहून लहान मुलांना एका तृणभक्षकापासून सुरुवात करून देणे बरे.

मूल्यमापनासाठी व्याख्या विचारून फारसे काही कळत नाही. ‘वाळवी नाहीशी झाली तर काय होईल?’ असा प्रश्न विचारून उत्तरात किती दुवे येतात, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. मुलांकडून गवताळ प्रदेशाचे चित्र काढून घेतल्यास जमिनीची रेषा कागदाच्या तळाशी आहे की मध्यावर, आणि तिच्याखाली काही दाखवले आहे की नाही, यांवरून समज लगेच लक्षात येते. चौकटीतील नोंदींची तुलना मात्र एकाच ऋतूतील नोंदींशीच करावी; अन्यथा पावसानंतर उगवणाऱ्या एकवर्षायू जातींमुळे जातींची संख्या वाढल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.