झाडानं वेचलेलं जस्त

दक्षिण फ्रान्समध्ये सँ-लोराँ-ल-मिनिए नावाचं गाव आहे. तिथली जस्त-शिशाची खाण १९९१ साली बंद झाली, पण खाणीच्या जस्त-शिशानं नासलेली माती तशीच राहिली. अशा मातीत बहुतेक पिकं माना टाकतात. नोक्सिया सेरुलेसेन्स हे मोहरीच्या कुळातलं वीतभर रोप मात्र तिथे खुशाल वाढतं. मुळांनी जस्त ओढायचं आणि पानांच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये कोंडून ठेवायचं, हा त्याचा उद्योग. त्याच्या एक किलो वाळक्या पानांत दहा ग्रॅमपेक्षा जास्त जस्त भरू शकतं. याच्या कॅडमियम हा विषारी धातू शोषणाऱ्या एका वाणाला शास्त्रज्ञ ‘गँजेस’ म्हणतात. गंगेचा इथे काही संबंध नाही, जवळच्या गावाचं ते नाव!

अशी रोपं लावायची, वाढली की कापून न्यायची, म्हणजे मातीतला धातू कमी होतो. काम मात्र सावकाशीचं. रोप एवढंसं, त्यामुळे जमीन साफ व्हायला वर्षानुवर्षं लागतात. शिसं तर मातीला इतकं घट्ट धरून बसतं की ते फारसं वर चढतच नाही.

खरी अडचण कापणीनंतर येते. हा पाला गुरांना घालता येत नाही. खत केलं तर जस्त परत मातीत. जाळला तर राख उरते, म्हणजे जमिनीतलं विष उचलून पोत्यात भरलं, इतकंच.

क्लोद ग्रिझाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बाईंना त्या पोत्यात कच्चा माल दिसला. पानं वाळवून भट्टीत सुमारे ५०० अंशांना जाळायची, राखेवर आम्लाची प्रक्रिया करायची. हाती येतात जस्ताचे क्षार, इतर धातूंची थोडी भेसळ असलेले. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी लागणारे रेणू घडवताना ते उत्प्रेरक म्हणून, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे पदार्थ म्हणून चालतात. एरवी यासाठी खाणीतून काढलेला धातू लागतो. या कामासाठी २०२२ मध्ये त्यांना युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळालं.

न्यू कॅलेडोनियातल्या निकेलच्या खाणींवरही त्यांनी हेच केलं. त्या बेटावर एका झाडाचा चीक चक्क निळा-हिरवा असतो, आणि वाळला की त्याच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा निकेल!

आपल्या ओळखीची वनस्पतीही या प्रयोगांत आहे: जलपर्णी. पंचगंगेतून, पवनेतून उपसून आपण ती काठावर कुजत टाकतो. ग्रिझाँ तिची मुळं वाळवून दळतात. ती भुकटी सांडपाण्यातल्या धातूंचे आयन धरून ठेवते, अगदी पॅलॅडियमसारख्या महागड्या धातूचेही. त्यासाठी झाड जिवंत असावं लागत नाही.