सलूनमधील रक्तदाब-उपचार

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांचा वाढलेला रक्तदाब त्यांच्या नेहमीच्या सलूनमध्येच मोजून तेथेच औषधोपचार करण्याची पद्धत. या पुरुषांना उच्च रक्तदाब तुलनेने लवकर जडतो आणि त्यातून होणारे मृत्यूही अधिक असतात. तरी दवाखान्याची पायरी चढायला ते नाखूश असतात. विमा आणि पैसा ही कारणे आहेतच, पण जुना अविश्वासही आहे. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून रोगाची वाटचाल पाहिली. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते त्यांना दिले नाही. सलूनचालक मात्र वर्षानुवर्षांचा ओळखीचा माणूस. त्याच्याशी घरचेही बोलले जाते.

हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी आधी डॅलसमध्ये हा प्रयोग केला. सलूनचालक रक्तदाब मोजत आणि डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरत. फरक पडला, पण बेताचाच. पुढे लॉस एंजेलिस परगण्यातील ५२ सलूनमध्ये ३१९ गिऱ्हाइकांवर त्यांनी नवी चाचणी घेतली. सुमारे निम्म्या सलूनमध्ये खास प्रशिक्षित औषधनिर्माते (फार्मासिस्ट) येऊन बसत. गिऱ्हाइकाच्या डॉक्टरशी आधीच करार झालेला असल्याने ते स्वतः औषध सुरू करत, मात्रा वाढवत आणि रक्ततपासणीवर लक्ष ठेवत. उरलेल्या सलूनमध्ये फक्त जीवनशैली सुधारण्याचा आणि डॉक्टरला भेटण्याचा सल्ला मिळे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा ९.३ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६३.६ आणि ११.७ टक्के होते. वृत्तपत्रांनी याचे श्रेय बहुतेक सलूनचालकांना दिले. ते अर्धेच खरे: त्यांच्या शब्दामुळे माणूस खुर्चीत थांबला, रक्तदाब उतरवला तो गोळ्यांनी. सल्ल्यावरच भागवलेल्या गटाचे आकडे हेच सांगतात.

त्याच वर्षी व्हिक्टर यांचे निधन झाले. चाचणीच्या पुढच्या सहा महिन्यांत औषधनिर्मात्यांच्या फेऱ्या कमी केल्या, तरी बारा महिन्यांनंतर पहिल्या गटातील घट २८.६ अंकांवर टिकून होती. पद्धत इतरत्र नेताना अडचण येते ती कायद्याची आणि खर्चाची. औषधनिर्मात्याला किती अधिकार द्यायचे हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते, आणि सलूनपर्यंतच्या त्याच्या प्रवासाचे व वेळेचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न विमा कंपन्यांपाशी अडतो.