पार्श्वभूमी : पालिकेच्या नाट्यगृहांचे मोजमाप

कोल्हापूरचे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये संस्थानने उभारले. पुढे पुण्यात १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर आणि ठाण्यात १९७८ मध्ये गडकरी रंगायतन झाले, आणि पालिकेने नाट्यगृह चालवण्याची पद्धत रुळली. वास्तू आणि देखभाल पालिकेची, प्रयोग निर्मात्याचा. निर्माता सत्राचे भाडे भरतो, तिकिटांचा गल्ला त्याचाच.

त्यामुळे परदेशी मोजपट्ट्या इथे लागू पडत नाहीत. जर्मनीत १९६५-६६ च्या हंगामापासून सार्वजनिक नाट्यसंस्थांची आकडेवारी दरवर्षी छापली जाते. खर्चाचा किती हिस्सा स्वतःच्या उत्पन्नातून निघाला आणि प्रत्येक प्रेक्षकामागे किती अनुदान गेले, हे तिथे कळते. तो हिस्सा साधारण पाचव्या भागाहून कमी असतो, आणि तेवढ्यावरून कुणी कारभार ढिसाळ ठरवत नाही. तिथे कलाकारांचा संच, निर्मिती आणि तिकीटविक्री संस्थेचीच असते. आपल्या पालिकेच्या हाती उरते फक्त भाड्याची पावती.

मग मोजायचे काय? आलेले भाडे वजा वीज, वातानुकूलन, सफाई आणि पगार, हा झाला पहिला हिशेब. दुसरा भरलेल्या सत्रांचा. खरा वाद या दुसऱ्या हिशेबात आहे. नाटकाला सवलतीचा दर असतो, इतर कार्यक्रमांना चढा. शनिवारी संध्याकाळी नाटकाऐवजी एखाद्या कंपनीचा सोहळा लागला तर सत्र भरलेलेच दिसते आणि उत्पन्नही वाढते. कागदावर व्यवस्थापन सुधारते, नाटक मात्र मंगळवारच्या दुपारी ढकलले जाते. तारखांच्या वाटपावरून निर्माते वर्षानुवर्षे भांडत आले ते यासाठी. राजकीय मेळाव्यासाठी ऐनवेळी काढून घेतलेली तारीख तर कोणत्याच तक्त्यात येत नाही. नाटकाची सत्रे वेगळी आणि शनिवार-रविवारची त्याहून वेगळी मोजल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. हे काम अवघडही नाही, कारण बुकिंगच्या नोंदी कार्यालयात असतातच.

२००८ मध्ये केंद्राने शहरी सेवा मोजण्यासाठी २८ निर्देशक ठरवले, पण ते पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पर्जन्यजल यांचे. नाट्यगृहे त्यात नव्हती. २०१८ मध्ये बालगंधर्व पाडून नवे बांधण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकात आला, तेव्हा वाद रंगला तो आठवणींचा आणि पार्किंगचा. कोरोनामुळे बंद असलेली नाट्यगृहे ऑक्टोबर २०२१ मध्ये निम्म्या आसनांवर उघडली. तेव्हा निम्मे प्रेक्षागृह म्हणजेच हाउसफुल्ल होते, त्यामुळे त्या वर्षाची तुलना आधीच्या वर्षांशी करणे चूक ठरेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या नाट्यगृहाला आग लागली, रंगमंच आणि प्रेक्षागृह जळाले. त्यानंतर अग्निसुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. वायरिंग किती जुनी, पडदे कधी बदलले, मेकअप रूमच्या गळतीची तक्रार किती दिवसांत मिटली, यासाठी भाड्याच्या हिशेबात रकाना नसतो. दुरुस्ती पुढे ढकलली की त्या वर्षाचा खर्च कमी होतो, आणि तोच आकडा काटकसर म्हणून दाखवता येतो.