हातोडा शोधताना लागलेलं घबाड

मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारे हौशी लोक ब्रिटनमध्ये पुष्कळ. पण तिथलं एक फार गाजलेलं रोमन घबाड सापडलं ते हातोड्यापायी. सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला होता. १६ नोव्हेंबर १९९२ ला त्याचा मित्र, एक निवृत्त माळी, तो हुडकायला डिटेक्टर घेऊन गेला. यंत्र वाजलं ते चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाण्यांवर. दोन पिशव्या भरल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि सरकारी यंत्रणेला कळवलं.

सगळं श्रेय या थांबण्याला द्यायला हवं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी काय कशाशेजारी होतं ते कळलं. चांदीच्या वाडग्यांमध्ये गवत घातलेलं होतं. म्हणजे कुणीतरी नीट बांधाबांध करून हा ऐवज पुरला होता. नाणी जवळपास १५ हजार, त्यांत सोन्याची साडेपाचशेहून जास्त. सोबत मिरपूड शिंपडायच्या चार चांदीच्या डब्या. त्यातली एक रोमन बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. तळाची चकती फिरवली की भरायचं तोंड उघडायचं, आणखी फिरवली की बारीक भोकं. त्यात पडणारी मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून गेलेली.

पुरलं कशासाठी? सर्वात नवी नाणी इ.स. ४०७-४०८ ची. त्याच सुमारास रोमन सैन्य ब्रिटन सोडून गेलं, नव्या नाण्यांचा पुरवठा आटला. चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत, सम्राटाचा चेहरा मात्र शाबूत! त्या कातरणातून नवी नाणी पाडत.

तेव्हाच्या जुन्या कायद्यात, सोनं-चांदी परत काढायच्या इराद्याने पुरलेली असेल तरच ती राजसत्तेची. हॉक्सनचा ऐवज त्या कसोटीला उतरला आणि शोधणाऱ्याला १७.५ लाख पौंड मिळाले. शेतकऱ्याला वाटा द्यायची सक्ती नसताना त्याने तो दिला. पुढे १९९६ च्या कायद्याने इराद्याची भानगड बरीचशी मिटवली. आपल्याकडे गुप्तधनाला अजून १८७८ चा कायदा लागतो: दहा रुपयांवरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं.

हातोडाही सापडला. तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.